दिवसाची मच्छरदाणी

सोहारच्या बंदरावर आमची रात्रपाळी.
सकाळी सहाला बस आम्हाला आणून टाकते,
आणि लोक दात घासत असतात तेव्हा आम्ही
मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचतो.

खिडकीला पुठ्ठा लावलाय, तरी ऊन शिरतं.
जाळीतून गाळून येतं.
मोतालेबच्या उघड्या पाठीवर
बारीक बारीक चौकटी पडतात,
गणिताच्या वहीसारख्या.
तो कूस बदलतो,
सगळं गणित सुरकुततं.

माझी जाळी दापोलीच्या बाजारातली.
रंजनाने निवडलेली, निळी.
मळली तरी कळायचं नाही, म्हणाली.
मस्कतच्या विमानतळावर साहेबाने बॅग उघडली,
ती उलगडली, उलगडतच राहिला.
मासे पकडणार का, विचारून हसला.
मी मान हलवली.
सांगायला हवं होतं
की पकडायची जाळी दादा विणायचे,
हर्णैच्या पुळणीवर बसून,
पायाच्या अंगठ्याला दोरा, दातांत सुई.
भोक केवढं ते बोटाने मोजायचे.
बारका मासा सुटला पाहिजे, म्हणायचे,
नाहीतर पुढच्या साली काय खाशील?

इथे सगळं उलटं.
बारक्यालाच अडवायचंय.

रात्रीचा डास निदान कानाशी येऊन सांगतो.
हा दिवसाचा. पायांना पांढरे पट्टे,
आवाज जवळजवळ नाहीच.
बूट काढताना घोट्याला चावून जातो.

कुठून येतो, ते सुगतनने शोधलं.
बाहेर रेती. विहीर नाही, डबकं नाही,
पावसाचं नाव तर दोन वर्षांत कुणी काढलेलं नाही.
मग पाणी कुठलं?
एसीच्या नळीखाली आम्हीच ठेवलेला
तेलाचा रिकामा डबा.
थेंब थेंब साठतं, बनियन धुवायला बरं पडतं.
वाकून बघितलं तर आत
वळवळणारे स्वल्पविराम.
आमचाच गारवा
दिवसभर ठिबकत होता
आणि आमच्याच उशाशी डास उबवत होता.

डबा ओतला. रेतीने तो एका घोटात प्यायला.
पण उशीर झाला होता.

खजूर उतरवायच्या दिवसांत मोतालेब तापला.
डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणे,
हाडात कुणी पाना फिरवतंय.
दवाखान्यातली नर्स म्हणाली,
याला जाळीत झोपवा, दिवसासुद्धा.
मी म्हटलं, आता कशाला? चावून झालंय की.
ती म्हणाली,
याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी.
याचं रक्त पिऊन तो तुमच्याकडे येईल.

मी बराच वेळ त्या वाक्यापाशी थांबलो.
जाळी तीच. फक्त
कुणाला कुणापासून, ते फिरलं.

त्याची जाळी पायाशी फाटलेली,
त्यातून मांजर गेलं असतं.
म्हणून माझी काढली, त्याच्या खाटेवर बांधली.
खिळ्याला अडकून तीही थोडी उसवली,
ती शिवली, दादांच्या गाठीने.
हाताला ती आठवत होती, मला नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्याने आतून बोट लावलं
गाठीला.
बराच वेळ चाचपत राहिला.
ये गाठ तो, म्हणाला, हमारे भोला में,
मेरा चाचा...
आणि पुढचं बंगालीत बोलला.
मला कळलं नाही. म्हणजे,
शब्द कळले नाहीत.

मी ओली चादर डोक्यावरून घेऊन झोपत होतो,
पाय उघडे पडले की जागा होत होतो.

रंजनाचा फोन आला त्याच दुपारी.
आवाज का असा? झोप होत नाही का?
जाळी लावतोस ना?

लावली आहे, म्हटलं.

दाखव.

मी फोन फिरवला.
पडद्यावर नुसता निळा रंग भरला,
आत कोण आहे ते दिसलं नाही तिला.

बघ, ती म्हणाली,
म्हटलं नव्हतं, मळलेली कळत नाही.